'खाईना' आणि 'ओकते' : कुत्र्याच्या पिल्लाच्या एका निनावी रोगाचा शब्देतिहास

मराठी शेतकऱ्याच्या बोलीत जनावरांच्या रोगांना जी नावे आहेत त्यांची यादी लहान नाही. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, काळपुळी, लाळ-खुरकत, तिवा, सरा ही गुरांच्या रोगांची नावे. शेळ्यामेंढ्यांच्या देवी निराळ्या, कोंबड्यांची मानमोडी निराळी. ह्यांतील बहुतेक नावांमागे डोळसपणे केलेले निरीक्षण आहे. लाळ-खुरकत ह्या जोडशब्दात तोंड व खूर ही रोगाची दोन्ही ठिकाणे एकत्र बांधलेली आहेत. तिवा हा शब्द त्या तापाची तीन दिवसांची मुदतच सांगून टाकतो. अशा यादीत कुत्र्याच्या रोगाचे नाव शोधू लागले म्हणजे एकच शब्द हाती लागतो, आणि तो म्हणजे पिसाळणे. कुत्रा हा माणसाच्या सहवासात राहणारा बहुधा सर्वांत जुना प्राणी. मराठी घराच्या उंबऱ्याशी तो शतकानुशतके बसलेला आहे. असे असता त्याच्या दुखण्याविषयी भाषेने एवढे मौन का पाळावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रश्न मोघम राहू नये म्हणून तो एका ठिकाणी आणि एका दुखण्यापुरता मर्यादित करतो. कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरील कागल तालुक्यातील बिद्री हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वांस परिचित आहे. ह्या परिसरात, आणि खरे पाहता साऱ्या ऊसपट्ट्यात, दरवर्षी हिवाळ्याच्या दिवसांत दोन-तीन महिन्यांचे पिल्लू एकाएकी खाणे सोडते, ओकू लागते, पुढे रक्तमिश्रित हगवण लागते आणि तीन-चार दिवसांत पुष्कळदा ते मरते. असे मरण पाहिलेला माणूस खेड्यात विरळा नाही. परंतु ह्या दुखण्याचे जुने नाव विचाराल तर ते कोणालाही सांगता येत नाही, कारण ते नव्हतेच. सांगितली जातात ती लक्षणे : 'खाईना', 'तोंड लावंना', 'वकाय लागलंय'.

प्रथम ह्या शब्दांकडेच पाहू. 'ओकणे' ह्या धातूचे कोल्हापुरी बोलीतील रूप 'वकणे', आणि नाम 'वकारी'. प्राकृतात 'ओक्किअ' हे रूप वांतीच्या अर्थाने मिळते; शेजारच्या कन्नडात मळमळ व वांती ह्यांस 'ओकरिके' म्हणतात; तमिळातही ह्याच ध्वनीचा 'ओक्काळम्' हा शब्द आहे. कोणी कोणाकडून घेतला ह्याचा निवाडा करण्याची घाई करू नये, कारण शब्द मुळात घशातून निघणाऱ्या आवाजाची नक्कल असावा असे दिसते, आणि तो आवाज कोणत्याही एका भाषेच्या मालकीचा नाही. 'उलटी' हा शब्द 'उलटणे' ह्यापासून, तर 'वांती' हा थेट संस्कृतातून आलेला. माणसासाठी हे तिन्ही शब्द चालतात. सभ्य घरात पाहुण्यासमोर 'ओकला' न म्हणता 'उलटी झाली' म्हणतात, आणि वैद्य 'वांती' म्हणतो. कुत्र्याच्या वाट्याला मात्र बहुधा 'ओकणे' हेच येते. माणसाला उलटी 'होते', कुत्रे 'ओकते'. पहिल्या प्रयोगात दुखणे माणसावर येऊन पडते. दुसऱ्यात कुत्रे स्वतःच कर्ता असते, जणू भुंकणे किंवा खाजवणे ह्यांसारखीच ती त्याची एक नित्याची क्रिया.

हा भेद वरवरचा नाही. त्याचे मूळ खोल आहे. संस्कृत कोशांत कुत्र्याच्या पर्यायांत 'वान्ताद' असा एक शब्द येतो. त्याचा अर्थ ओकलेले खाणारा. स्मृतिग्रंथांत जेवणासाठी कुळगोत्र सांगत फिरणाऱ्या ब्राह्मणास 'वान्ताशी' म्हणून हिणविले आहे, तेही ह्याच कल्पनेवरून. निरीक्षण म्हणून ते खोटे नाही. कुत्र्याच्या जातीत वांती सुलभ असते. गवत खाऊन ओकणारे कुत्रे सर्वांनी पाहिलेले आहे. एवढेच नव्हे, पिल्ले दुधावरून अन्नावर येत असता कुत्री कधीकधी अर्धवट पचलेले अन्न त्यांच्यापुढे बाहेर काढते आणि पिल्ले ते खातात. लांडग्यांत तर ही संगोपनाची रूढ रीत आहे. म्हणजे जे प्राचीनांनी किळसेने नोंदविले ते मूळचे आईपण होते. पण शब्द एकदा स्वभावाचा वाचक झाला की त्याच क्रियेला दुखण्याचे लक्षण म्हणून पाहणे कठीण होते. जे नेहमीच ओकते ते आज का ओकते, असे कोण विचारणार?

म्हणींनी हे अधिकच पक्के केले. 'कुत्र्याला तूप पचत नाही' ही म्हण सर्वत्र ऐकू येते. काही ठिकाणी तुपाच्या जागी खीर असते. तिचा रोख माणसावर आहे, हे उघड आहे. परंतु तिने गृहीत धरलेली गोष्ट अशी की कुत्र्याने चांगले अन्न ओकले तर दोष अन्नाचा नाही, रोगाचा नाही, त्याच्या हलक्या जातीचा आहे. नामदेवांची भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा ज्या भाषेत घरोघर सांगितली जाते त्याच भाषेत ही म्हणही रुळावी, ह्यात काही विसंगती आहे असे बोलणाऱ्यांना वाटलेले दिसत नाही.

आता दुसरे लक्षण, अन्नावरची वासना जाणे. आयुर्वेदाने ह्याला 'अरोचक' म्हटले आणि वांतीला 'छर्दि'. माधवनिदानात ह्या दोन रोगांचे अध्याय लागोपाठ येतात. माणसाच्या बाबतीत त्यांचे प्रकार, कारणे, साध्यासाध्यता ह्यांचा विचार तेथे सविस्तर झालेला आहे. कुत्र्याला अरोचक होऊ शकतो ही कल्पनाच मराठीने केली नाही. 'त्याचे हाल कुत्रा खाईना' असे आपण अत्यंत दैन्यावस्थेतील मनुष्याविषयी म्हणतो. ह्या वाक्प्रचाराचा सारा जोर कुत्रा काहीही खातो ह्या गृहीतावर आहे. श्राद्धात व वैश्वदेवात कुत्र्याला बळी घालण्याची जुनी रीत, घरोघर त्याच्यासाठी बाजूला ठेवलेला भाकरीचा तुकडा, उष्ट्याखरकट्यावरचा त्याचा हक्क, ह्या सर्वांत कुत्रा म्हणजे सदा भुकेला, अशीच मूर्ती उभी राहते.

तथापि बोली जे नामाने सांगत नाही ते कधीकधी क्रियारूपाने सांगते. 'खात नाही' आणि 'खाईना' ह्यांत फरक आहे. 'खात नाही' ही वस्तुस्थितीची नोंद. 'खाईना' ह्या रूपात कोणीतरी प्रयत्न करून पाहिल्याचे गर्भित आहे. दार उघडेना म्हणजे आम्ही ढकलून पाहिले; पिल्लू खाईना म्हणजे दूध दाखविले, भाकरी कुस्करून घातली, बोटाने चाटवून पाहिले, आणि तरीही नाही. ह्या एका 'ना'मध्ये घरातल्या माणसाची माया आहे, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. पण तिच्यात वेळही आहे. 'कालपासून खाईना' हे वाक्य दवाखान्याच्या दारात उच्चारले जाते तोवर एक दिवस आणि एक रात्र सरलेली असते. आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या बाबतीत तो काळ थोडा नाही.

ह्या मौनाला सामाजिक कारण आहे आणि ते पशुवैद्यकाच्या इतिहासात सापडते. अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखात मनुष्यचिकित्सेबरोबर पशुचिकित्सेची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे; इतकी ही परंपरा जुनी. परंतु तिचे ग्रंथ पाहिले तर शालिहोत्राचे घोड्यांवर, पालकाप्याचे हत्तींवर, नकुलाच्या नावावरचे पुन्हा घोड्यांवर. शालिहोत्र ह्या नावावरूनच 'सलोत्री' हा शब्द निघाला आणि इंग्रजी अमदानीतही तो घोड्यांच्या वैद्याला लावीत. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या 'मानसोल्लासा'त कुत्र्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे, पण ते विनोदांच्या विभागात, म्हणजे राजाच्या करमणुकीत. शिकारी कुत्र्याला किंमत होती म्हणून त्याला राखणदारही होता. मोगली दरबाराच्या भाषेत ह्या राखणदाराला 'डोरिया' हे नावही मिळाले. दारातल्या कुत्र्याला मात्र ना राखणदार, ना वैद्य.

एका ठिकाणी मात्र वैद्यकाने कुत्र्याकडे नीट पाहिले, आणि ते ठिकाण बोधप्रद आहे. सुश्रुताच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याचे वर्णन आणि त्याच्या दंशानंतर माणसाला पाण्याचे भय वाटू लागणे ह्याचे विवेचन येते. कल्पस्थान हे विषचिकित्सेचे स्थान. म्हणजे कुत्रा येथे रोगी म्हणून नव्हे, विषाचे उगमस्थान म्हणून आलेला आहे. मराठीतील 'पिसाळणे' ह्या शब्दाचा वंशही तसाच. 'पिसा' म्हणजे वेडा; प्राकृत 'पिसल्ल', संस्कृत 'पिशाच'. कुत्र्याच्या ज्या एकमेव रोगाला आपण नाव दिले तो रोग माणसाला मारणारा होता, आणि त्याचे नाव पिशाचावरून ठेवले.

सरकारी दप्तरातही कुत्रा शिरला तो ह्याच वाटेने. मुंबईत कंपनी सरकारने उन्हाळ्याच्या दिवसांत भटकी कुत्री मारण्याचा नियम केला होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस ठेविले होते. १८३२ सालच्या जून महिन्याच्या सहा तारखेला ह्या प्रकारावरून पारशी मंडळींनी उठाव केला, इतर समाजांनी त्यांना साथ दिली, दुकाने बंद पडली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा ह्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. कुत्र्यांवरून झालेला हा दंगा आपल्या सामाजिक इतिहासात अजून पुरेसा अभ्यासला गेलेला नाही, असे मला वाटते. त्यात दोन पक्ष होते : एकाला कुत्रे धोक्याचे वाटत होते, दुसऱ्याला त्याची हत्या पापाची. कुत्रे आजारीही पडते, ही गोष्ट दोघांपैकी कोणाच्याही वादात नव्हती.

पुढे शास्त्रीय पशुवैद्यक आले तेही गुरांसाठी. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली निघाले; १८८९ साली पुण्यात जीवाणुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा स्थापन झाली, ती १८९३ मध्ये कुमाऊंतील मुक्तेश्वरला हलविली गेली. तिच्यापुढील मुख्य काम होते बुळकांडीचे. बुळकांडीने गोठेच्या गोठे ओस पडत, नांगर थांबत, सारा थकत असे. सरकार आणि शेतकरी दोघांनाही त्या रोगाचे नाव रोज घ्यावे लागे. हाच रोग पुढे लसीच्या बळावर पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे २०११ साली जाहीर करण्यात आले.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बुळकांडीचा विषाणू, माणसाच्या गोवराचा विषाणू आणि कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू हे एकाच कुळातले, एकमेकांचे जवळचे भाऊबंद आहेत. डिस्टेंपरमध्येही पिल्लू खाणे सोडते, ओकते, डोळ्यानाकातून घाण येते, पुढे झटके येतात. देवीच्या लसीचा जनक एडवर्ड जेन्नर ह्याने १८०९ साली ह्या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. १९०५ साली फ्रान्समध्ये कारे ह्याने तो विषाणूमुळे होतो हे दाखविले. १९२० नंतरच्या दशकात इंग्लंडात लेडलॉ आणि डंकिन ह्यांनी त्यावर लस तयार केली. तिघा भावांपैकी दोघांना मराठीत नावे आहेत, गोवर आणि बुळकांडी. तिसऱ्याला आजही नाव नाही. पुस्तकात आणि दवाखान्यात त्याला डिस्टेंपरच म्हणतात. जेन्नरची देवीची लस मुंबईत १८०२ साली पोचली आणि 'लस' हा जखमेतून झिरपणाऱ्या पाण्याचा घरगुती शब्द तेव्हापासून नव्या अर्थाने रुळत गेला. त्याच जेन्नरने सात वर्षांनी कुत्र्यांविषयी जे लिहिले त्याचा मात्र मराठीला पत्ताही लागला नाही. माणसाचे मूल आणि शेतकऱ्याची गाय ह्या दोघांच्या दुखण्याला भाषेने हाक मारली. पिल्लाच्या दुखण्याला मारली नाही.

बिद्रीकडील भागात ह्या इतिहासाचा ठसा एका साध्या शब्दावर उमटलेला आहे. पशुवैद्यकीय दवाखान्याला लोक 'जनावरांचा दवाखाना' म्हणतात. खेड्यात 'जनावर' म्हणजे प्रथम म्हैस, गाय, बैल. दुसऱ्या अर्थी साप. कुत्रे हे कुत्रेच, ते जनावर नव्हे. १९६३ साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला, आणि 'गोकुळ'च्या दुधाबरोबर म्हशीच्या दुखण्याला दारापर्यंत येणारा डॉक्टर ह्या जिल्ह्याच्या अंगवळणी पडला. ही मोठीच गोष्ट घडली. पण म्हैस तपासून डॉक्टर हात धूत असता 'जाता जाता तेवढं ह्या पिल्लाकडंबी बघा की' अशी जी विनंती होते, तिच्यातल्या 'जाता जाता'मध्ये कुत्र्याचे सारे सामाजिक स्थान आले.

अशा वेळी निनावी दुखण्यात एका नव्या रोगाची भर पडली. १९७८ साली अमेरिका, युरोप व ऑस्ट्रेलिया येथे जवळजवळ एकाच वेळी पिल्ले ओकारी आणि रक्ती हगवणीने मरू लागली. मांजरांच्या एका जुन्या रोगाच्या विषाणूशी निकट संबंध असलेला हा नवा विषाणू दोन वर्षांत जगभर पसरला, आणि १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच भारतातही त्याची नोंद झाली. विषाणू अगदी लहान म्हणून लॅटिनमधील 'लहान' ह्या अर्थाच्या शब्दावरून त्याच्या कुळाला पार्वो हे नाव मिळाले. तो आतड्याच्या अस्तरातील भराभर वाढणाऱ्या पेशी आणि हाडांतील मगज ह्यांवर घाला घालतो. आतड्याची भिंत उघडी पडते, अंगातले पाणी व क्षार झरून जातात, आणि पांढऱ्या पेशी घटल्यामुळे आतड्यातील जीवाणू रक्तात शिरतात. उपचार न झाल्यास बहुतेक पिल्ले दगावतात. शिरेतून सलाईन, वांती थांबविणारी औषधे व प्रतिजैविके वेळेवर मिळाली तर बहुतेक वाचतात. एवढा मोठा फरक ज्या दोन टोकांत आहे, त्यांच्यामधले अंतर पुष्कळदा एका दिवसाचेच असते.

हा रोग येथे हिवाळ्यात का दिसतो ह्याचे उत्तर पंचांगात आणि बोलीत सापडते. 'भादव्यातलं कुत्रं' हा शब्दप्रयोग शिवी म्हणून वापरला जात असला तरी त्यात ऋतुज्ञान आहे : गावकुत्र्यांचा माजाचा काळ मुख्यतः भाद्रपद. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा; म्हणजे पिल्ले कार्तिक-मार्गशीर्षात होतात. म्हशीच्या चिकाचा खरवस आपण खातो. कुत्रीच्या चिकातून पिल्लाला रोगाविरुद्धचे संरक्षण मिळते, आणि ते साधारण सहाव्या ते सोळाव्या आठवड्यांच्या दरम्यान ओसरत जाते. पौष-माघ उजाडतो तेव्हा पिल्ले नेमकी ह्या वयात असतात. हाच गळिताचा भर हंगाम. उसाचे फड उघडे पडलेले, रस्त्यावर ट्रॅक्टरांची व बैलगाड्यांची रांग, मराठवाड्याकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या शिवारात उभ्या, आणि त्यांच्याबरोबर बैल, शेळ्या, कोंबड्या व एखाददुसरे कुत्रेही. नाना गावांची माती पायांना लावून माणसे व जनावरे एकत्र येतात. विषाणूला आणखी काय हवे? टोळ्यांनी रोग आणला असे म्हणण्याचा येथे मुळीच उद्देश नाही. गावातील जुनी माती त्यासाठी पुरेशी आहे, हे पुढे येईलच.

पिल्लांचे मरण किती स्वाभाविक मानले गेले आहे ह्याची कल्पना एका आकड्यावरून येईल. पश्चिम बंगालमध्ये मोकाट कुत्र्यांच्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सात महिन्यांच्या वयापर्यंत पोचली ती अवघी १९ टक्के. मरणांची कारणे अनेक होती आणि त्यांत माणसाचा वाटा मोठा होता. आपल्याकडे 'कुत्र्याच्या मौतीने मरणे' असे म्हणतात. त्या मौतीला कारण लागत नाही, हाच त्या शब्दांचा अर्थ आहे.

ओकारीचे प्रत्येक पिल्लू पार्वोचेच असते असे मात्र समजू नये. पोटातील जंत हे अत्यंत सामान्य कारण. गोल जंत आईच्या गर्भातूनच पिल्लात उतरतात, म्हणून पोट नगाऱ्यासारखे फुगलेले आणि अंग वाळलेले पिल्लू दिसते. जंतांचे औषध दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू करावे लागते ते ह्यामुळे. हाडाचा तुकडा, दोरा, चिंधी, प्लॅस्टिक गिळल्याने आतडे अडते. उंदरांचे औषध आणि पिकावर मारावयाची विषे तर शेतघरात हाताशीच असतात. अन्नातला एकाएकी केलेला बदल, फार थंड किंवा फार दूध, ही हलकी कारणे. ह्या साऱ्यांना बोलीत एकच वाक्य आहे, 'खाईना आणि वकतंय'. नावे वेगळी असती तर उपायही वेगळे सुचले असते.

नाव नसल्यामुळे माणसाच्या वैद्यकातील उपाय तसाच उचलून पिल्लाला लावला जातो, आणि तो म्हणजे लंघन. 'पोट बिघडलंय, एक दिवस उपाशी राहू द्या.' मोठ्या निकोप कुत्र्याला काही तासांची विश्रांती मानवते, हे खरे. परंतु काही आठवड्यांच्या पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा नसतो. ते उपासाने थरथरू लागते, गळून जाते. चार महिन्यांच्या आतील पिल्लू दोन-तीन वेळा ओकून अन्नपाणी नाकारू लागले, किंवा ओकारीत अथवा हगवणीत रक्त दिसले, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे नेणे हाच मार्ग. वाटेत साखर-मिठाचे पाणी चमचा-चमचा, तेही टिकत असेल तरच. बळेच ओतलेले पाणी फुप्फुसात जाते. हिरड्या फिकट व कोरड्या, मानेवरची कातडी चिमटीने उचलली असता सावकाश खाली बसणारी, ही पाणी सरल्याची खूण. माणसाच्या तापाच्या व दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला विषारी ठरू शकतात. घरातील डबा त्यासाठी उघडू नये. रोग टाळण्याची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यावी लागते. आईकडून आलेले संरक्षण अंगात असेतो ते लसीलाही निष्फळ करते, म्हणून ही पुनरावृत्ती. एकच टोचून 'लस दिली होती, तरी मेलं' असे जे ऐकू येते त्याचा उलगडा बहुधा येथेच होतो.

'पार्वो' हा शब्द आता शहरांतून खेड्यांकडे येत आहे. श्वानपालनाची हौस वाढली, विकत घेतलेल्या पिल्लाला किंमत आली, आणि किमतीमागोमाग नाव आले. घोडा, हत्ती, गाय ह्यांच्या बाबतीत जे पूर्वी घडले तेच ह्या वेळी कुत्र्याच्या बाबतीत घडले. ज्यांना अजून हा शब्द ठाऊक नाही ते 'गॅस्ट्रो झाला' म्हणतात. हाही परकाच शब्द, पण माणसाच्या रोगाचा; माणसाच्या मुलाचे दुखणे पिल्लाला उसने देण्याइतकी जवळीक त्यात आलेली आहे, आणि शब्देतिहासाच्या दृष्टीने ही गोष्ट उपेक्षणीय नाही. कायद्याची पावले मात्र जुन्याच वाटेवर दिसतात : मोकाट कुत्र्यांसंबंधी २००१ साली झालेल्या नियमांत नसबंदी आणि पिसाळरोगावरील लस ह्यांवरच भर होता. जो रोग माणसाला मारतो तेवढ्याचीच नोंद पुन्हा घेतली गेली.

आणखी एका बारकाव्याकडे लक्ष वेधतो. मराठीत साथीचे रोग 'येतात'. देवी आल्या, पटकी आली, बुळकांडी आली. २०२२ साली महाराष्ट्रात गाईंना लंपी झाला तेव्हाही, शब्द नवा आणि परका असूनही, लोक 'गावात लंपी आला' असेच म्हणू लागले. सरकारने लसीकरणाची मोहीम काढली, गोठे फवारले गेले, जनावरांचे बाजार बंद झाले. 'येणे' ह्या क्रियापदात गाव हे स्थान आहे. जे येते त्याला वेशीवर अडविता येते. पार्वो मात्र 'आला' असे कोणी म्हणत नाही. तो एखाद्या पिल्लाला 'होतो'. त्यामुळे पिल्लू मेले की रोगही संपला, असे समजले जाते. पिल्लाला उकिरड्यात किंवा बांधावर पुरतात, त्याचे पोते झटकून ठेवून देतात, जर्मनची थाळी विसळून घेतात. पण हा विषाणू चिवट आहे. साध्या साबणपाण्याने तो मरत नाही. पाण्यात कालविलेले कपडे पांढरे करण्याचे ब्लीच त्याला मारते, ते फरशीवर चालते, अंगणातल्या मातीवर त्याचा इलाज तोकडा पडतो. सावलीच्या, ओलसर मातीत तो महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही, टिकून राहतो. त्याच परड्यात पुढच्या कार्तिकात तीच कुत्री पुन्हा विते.